मुंडकाराला मी मालक केलं

गोव्यात धारगळच्या अलीकडे एक नवा जोडरस्ता हमरस्त्याला मिळतो. मी रोज सकाळी मोटारसायकलने त्यावरून कामावर जातो. माझ्या आत्याचं घर त्या रस्त्यात गेलं. घर जाणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. ज्यांची घरं गेली त्यांना पलीकडच्या माळावर घरापुरते भूखंड मिळाले. आत्याला मिळाला नाही. का मिळाला नाही, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू शकेल असा माणूस एकच आहे, आणि तो मी. आजवर मी ते पुरं कोणाला सांगितलेलं नाही.

मी प्रोग्राम लिहितो. डिचोलीतल्या एका लहान कंपनीत. खाणी जोरात होत्या तेव्हा ही कंपनी ट्रकांच्या वजनकाट्याचे प्रोग्राम करायची. खाणी बंद पडल्या, ट्रक लोकांच्या अंगणात गंजत उभे राहिले आणि आमचे साहेब सर्वेक्षणाच्या कामांकडे वळले. रस्त्यात जाणाऱ्या घरांची पाहणी करायची, कोण कुठल्या नात्याने तिथे राहतो ते लिहायचं आणि यादी करून द्यायची. टॅबवर चालणारा प्रोग्राम मी लिहिला. माणसं कमी, म्हणून तो टॅब घेऊन घरोघर फिरायलाही मीच.

गोव्याबाहेरच्यांना एक शब्द सांगायला हवा. दुसऱ्याच्या जमिनीत, त्याच्या संमतीने घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. जमीन ज्याची तो भाटकार. कायद्याने मुंडकाराला असं सहजासहजी उठवता येत नाही. पण कायदा पणजीत असतो आणि भाटकार शेजारी असतो.

आमचं घराणंही मुंडकाराचंच. बाबांनी पुढे घराखालची जागा नावावर करून घेतली, पण त्याआधीचं मला चांगलं आठवतं. स्वयंपाकघरात धूर कोंडायचा म्हणून आईला पूर्वेच्या भिंतीत एक जनेल, म्हणजे खिडकी हवी होती. बाबा भाटकाराला विचारायला गेले. पूर्वेला त्याची वाट होती. तो म्हणाला, पश्चिमेला काढ. पश्चिमेला आमचा गोठा. पुढची सगळी वर्षं आई गोठ्याकडे तोंड करून भाकऱ्या भाजत राहिली आणि धूर होता तिथेच राहिला. बाबांनी मुंडकार हा शब्द घरात कधी उच्चारला नाही. कोणी विचारलं तर 'घर आमचंच' म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला मात्र तो शब्द लहानपणापासून टोचायचा. मी तसा तापट माणूस आहे, पण या एका शब्दाने जेवढा तापतो तेवढा दुसऱ्या कशाने तापत नाही.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सासऱ्याने बांधलेल्या घरात एकटी राहायची. त्यांच्या भाटकाराचं घर चार पावलांवर. मी टॅब घेऊन गेलो त्या सकाळी तिने मला कदेल दिलं, म्हणजे खुर्ची, स्वतः उंबऱ्यावर बसली. मी सरकारी आवाजात प्रश्न विचारायला लागलो तशी तिला हसू आलं. "माज्या हातचें जेवन व्हड जालो आनी माकाच नांव विचारता!" म्हणाली.

घर कधीपासून, असं मी विचारलं तेव्हा ती उठली आणि देवाची तसबीर भिंतीवरून उतरवून तिच्या मागचा पुठ्ठा सोडवला. आत घडी घातलेला कागद. आम्ही असल्या कागदाला अजून पापेल म्हणतो. पोर्तुगीजांच्या काळातला होता. भाटकाराने तिच्या सासऱ्याला घर बांधायला दिलेली परवानगी, खाली सही आणि शिक्का. मी त्याचा फोटो काढला, नोंदीला जोडला, साल लिहिलं.

"दिसता मगे सगळें?" तिने टॅबमध्ये डोकावत विचारलं.

"आते, आता हो पापेल वाळवेन खाल्लो तरी भियाक नाका," मी म्हटलं. "हांगा भितर गेलो म्हणजे दगडावरची रेघ."

असली फुशारकी मारायची मला सवय होती. घरातला पहिला कंप्युटर शिकलेला मुलगा, आत्याच्या डोळ्यांत तर मी कोण होतो विचारू नका. ती जे ऐकायची ते खरं धरायची.

आता धंद्याची थोडी माहिती द्यावी लागेल, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रोग्राममध्ये माणसांच्या आणि वस्तूंच्या जाती ठरवाव्या लागतात, त्यांना क्लास म्हणतात. क्लासलाही बाप असतो, बापाला बाप असतो आणि वरच्याकडे जे असतं ते खालच्याला वारशाने मिळतं. कंपनीला जो तक्ता मिळाला होता त्यात सर्वांत वर 'रहिवासी'. त्याला दोन मुलगे, 'मालक' आणि 'भोगवटादार'. भोगवटादाराच्या पोटी तिघे, 'भाडेकरू', 'मुंडकार' आणि 'अतिक्रमण करणारा'. नाव, घराचा नंबर आणि घराचा फोटो रहिवाशाकडे ठेवले होते. किती वर्षं राहतो, कुठला कागद आहे आणि कागदाचा फोटो हे भोगवटादाराकडे. मुंडकाराकडे स्वतःचं असं एकच, भाटकाराचं नाव. हे लिहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

नोंद पुरी झाली की ती फाइलमध्ये जतन होते. फाइलमध्ये या पिढ्यांचे थर एकावर एक असतात. इतकं रहिवाशाचं, इतकं भोगवटादाराचं, इतकं मुंडकाराचं. उघडताना प्रोग्राम आपल्या आजच्या वंशावळीत बघतो आणि ज्याचं त्याला देतो.

आत्याच्या वस्तीसकट दोन वस्त्यांची पाहणी झाली आणि साहेबांनी एक बदल सांगितला. मालकांना भूखंडाचा हक्क आहे, मुंडकारांनाही आहे, तर मुंडकारांपुढेही त्याचा रकाना घाला. मुंडकारापुढे एक ओळ वाढवली असती तर भागलं असतं. दहा मिनिटांचं काम. पण तो तक्ता समोर आला आणि माझं डोकं फिरलं. मुंडकार आणि अतिक्रमण करणारा सख्खे भाऊ? एका बापाचे? कोणी ठरवलं हे? मी मुंडकाराला भोगवटादाराच्या घरातून उचलला आणि मालकाच्या पोटी घातला. मालकाकडे वर्षांचा, कागदाचा आणि हक्काचा रकाना होताच, मुंडकाराला तो वारशाने मिळाला. सगळा प्रोग्राम एका दमात चालला. मी खुर्चीत रेलून त्या तक्त्याकडे कितीतरी वेळ बघत बसलो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुपारी जेवताना बाबांना सांगितलं, आजपासून आमच्या प्रोग्राममध्ये मुंडकार मालकाच्या जातीचा. बाबांनी माशाचा काटा बाजूला काढून ठेवला आणि विचारलं, "भाटकाराक विचारलंय?" आई हसली, मीही हसलो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आधीच्या दोन वस्त्यांच्या फाइली जुन्या वंशावळीच्या होत्या. त्या नव्या प्रोग्रामने उघडल्या. रहिवाशाचा थर रहिवाशाला मिळाला. भोगवटादाराचा थर आला तेव्हा प्रोग्रामने बघितलं, या मुंडकाराच्या घराण्यात भोगवटादार कोणी नाही. मग तो थर त्याने वाचला आणि टाकून दिला. मालकाचा थर जुन्या फाइलमध्ये असणारच कुठून? म्हणून मालकाच्या रकान्यांत त्याने आपल्या रीतीप्रमाणे भरलं. वर्षं शून्य. कागद नाही. हक्क नाही.

कुठेही तक्रार केली नाही त्याने. करायची सोय मीच ठेवली नव्हती. प्रत्येक क्लासला एक ओळखीचा आकडा असतो. क्लासमध्ये मोठा बदल झाला की तो आकडा आपोआप बदलतो आणि जुनी फाइल बघून प्रोग्राम अडून बसतो, ही माझी नव्हे म्हणतो. ती कटकट नको म्हणून मी तो आकडा पहिल्याच दिवशी हाताने पक्का करून टाकला होता. आमच्यात बरेचजण तसंच करतात. कुत्र्याचं तोंड आपणच बांधायचं आणि चोरी झाल्यावर तो भुंकला कसा नाही म्हणून विचारायचं, असला तो प्रकार.

मी तपासलंच नव्हतं असंही नाही. एक जुनी नोंद उघडून बघितली होती. नाव बरोबर, घराचा नंबर बरोबर, घराचा फोटो स्वच्छ. खाली सरकून बाकीचे रकाने बघितले असते तर सगळं तिथेच कळलं असतं. बघितले नाहीत. चहा आला होता. मग मी सगळ्या जुन्या फाइली एकदमच नव्या प्रोग्राममधून काढल्या, नव्या रूपात जुन्यांवरच जतन केल्या आणि टॅब पुढच्या वस्तीसाठी पुसून रिकामे केले.

आज माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी दोन गोष्टी ओरडून ओरडून सांगतो. जुन्या फाइलमध्ये जे सापडत नाही त्याचा अर्थ 'नाही' असा करू नका, 'माहीत नाही' असा करा. आणि मूळ फाइलीवर कधी लिहू नका. ते माना हलवतात. एवढा का चिडतो हा माणूस, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

यादी वाचून दाखवली गेली तेव्हा आत्याने फोन केला. "माजें नांव आसा रे पुता, पूण म्होरें शून्य म्हणान सांगले. शून्य वर्सां म्हणजे कितें? मी काल आयलंय हांगा?"

मी फाइल उघडली. सगळे थर तपासले. काही उरलं नव्हतं. कंपनीत रोजची एक प्रत निघायची, पण ती आठवड्याने पुसली जायची, आणि आता तीन आठवडे झाले होते. मग माझ्या मनात आलं, हरकत घ्यायला मुदत आहे, ज्याचा त्याने कागद पुन्हा दाखवला की झालं. आणि तसंच झालंही. त्या दोन वस्त्यांतल्या मुंडकारांनी कुरकुर करत आपापले कागद आणले आणि त्यांच्या नोंदी दुरुस्त झाल्या. मी मोटारसायकल काढून आत्याकडे गेलो. तसबिरीमागचा पापेल काढ, म्हटलं.

"तो व्हेलो न्हय," ती म्हणाली.

"कोणी?"

भाटकाराच्या नातवाने नेला होता. आजोबाची सही बघायची आहे, दोन दिवसांत परत देतो, म्हणाला होता. तिने दिला. मी विचारलं, दिलास कशाला? तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "तूंच सांगलंय न्हय, मशिनीत गेलो म्हणजे जालें?"

नातवाकडे गेलो. तो म्हणाला, कसला पापेल? घरपट्टी भाटकाराच्या नावावर, विजेचं बिल त्याच्याच नावावर, हे आमच्याकडे असंच असतं, म्हणून कागद नसला की घर भाटकाराचंच ठरतं. शेजारीपाजारी सगळे त्याच भाटकाराचे. आत्याच्या घरी चहाला येतील, साक्षीला कोण येणार? एकाने तर मला दारातच म्हटलं, तुझ्या मशीनला विचार की.

मी साहेबांकडे गेलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नाही. पंखा बंद केला, दार लावलं, मला पाणी दिलं. मग म्हणाले, "एक चूक कबूल केली की सगळी यादी परत तपासूंक लागतली. काम बंद. सात मनशां आसत हांगा, त्यांच्या घरा हांव कितें सांगूं? आनी तुजें ह्या म्हयन्यांत पर्मनंट जावपाचें आसा." पंखा पुन्हा चालू केला आणि म्हणाले, "सुनावणीक तुका विचारतले. नोंदींत पापेल ना, इतलेंच सांग. तें खरेंच न्हय?"

खरंच होतं ते. हेच तर वाईट. खोटं बोलायला सांगितलं असतं तर माझ्यासारखा माणूस भडकला असता, राजीनामा तोंडावर फेकला असता, निदान तशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. पण त्यांनी मला एक खरं वाक्य दिलं. मी ते घेतलं. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "तुज्या मशिनींत चूक जाली?" मी म्हटलं, बघतोय. माझी नोकरी कायम व्हायची आहे हे बाबांनी आत्याला आधीच सांगून टाकलं होतं, ते मला नंतर कळलं.

सुनावणी सकाळी होती. गावातल्याच एका सभागृहात टेबल मांडलं होतं. अधिकारी बाहेरून आलेले, थकलेले, पण सभ्य गृहस्थ होते. आत्या काठाची साडी नेसून आली होती. लग्नाकार्याला नेसायची ती. मी कंपनीतर्फे टॅब घेऊन टेबलाच्या अलीकडे, ती पलीकडे. भाटकाराचा नातू खिडकीपाशी मोबाइल बघत उभा होता.

अधिकाऱ्यांनी तिची नोंद वाचली आणि मला विचारलं, "या बाईंचं म्हणणं आहे की पाहणीच्या वेळी कागद दाखवला होता. तुमच्याकडे आहे?"

"नोंदीत कागद नाही, सर."

"आत्ता नाही. आधी होता का?"

इतका सरळ प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता आणि नंतरही कोणी विचारलेला नाही. मी फोटो काढला होता. मी साल लिहिलं होतं. तो शिक्का कुठल्या कोपऱ्यात होता, शाई कुठे पसरली होती, ते मला आजही सांगता येईल. 'होता, सर, माझ्या हातून गेला' एवढं म्हणायचं होतं. त्याने भूखंड मिळालाच असता असं नाही, पण निदान चौकशी झाली असती, कोणीतरी त्या नातवाला बोलावून विचारलं असतं. मी टॅबकडे बघितलं. ज्याच्यात काही नाही हे मला सर्वांत जास्त माहीत होतं, त्याच्याकडे उत्तर शोधल्यासारखं बघितलं.

"सिस्टीम दाखवत नाही, सर."

अधिकारी आत्याकडे वळले. "आजी, तुमचं काय म्हणणं?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मान वर केली नाही, पण ती बघते आहे हे मला कळत होतं. मग ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "सायबा, हो माजो भाचो. माज्या भावाचो चलो. तो फट उलोवचो ना, खोटें सांगचो ना. तो ना म्हणता जाल्यार ना आसतलो. म्हातारपण आयलां, मीच कितें तरी दुसरें याद करून बसलंय आसतलंय."

"म्हणजे कागद नव्हता?"

"नासतलो, सायबा."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं, पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहिलं. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिने सही केली. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार होतं. नातवाने मोबाइल खिशात घातला आणि तो निघून गेला.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. सभागृहाच्या पायऱ्या उंच होत्या. एकेक पायरी उतरताना ती माझ्यावर सगळा भार टाकत होती. मला वाटत होतं, हिच्या पाया पडावं आणि सगळं सांगून टाकावं. आते, पापेल होता, तुझं डोकं ठिकाणावर आहे, चूक माझी आहे. मी तोंड उघडलं तेवढ्यात तीच थांबली. मागे वळून दाराशी कोणी नाही ना ते बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

"पापेल होतो, पुता. माका सगळें याद आसा. पूण तुजी नोकरी रावली न्हय?"

"रावली," मी म्हटलं.